मागे राहिलेला हात

ढमीनं नवीच्या बुटाची नाडी पार खालपर्यंत सैल केली आणि बोटांपासून पुन्हा आवळत वर आणायला घेतली. मुलीचा पाय तिच्या मांडीवर होता. बुटाखालच्या पात्यानं कपडे फाटू नयेत म्हणून मध्ये टॉवेलची घडी होती. घोट्यापाशी आल्यावर ढमीनं नाडीला एक जास्तीचा पीळ दिला.

"दुखतंय?"

"नाही, ताई."

"थोडं दुखायला हवं. इथे सैल राहिलं तर उतरताना पाय दगा देतो."

नवीनं मान डोलावली. ती बाकावर सगळं अंग डावीकडे टाकून बसली होती. तशी बसणारी माणसं ढमीला लांबून ओळखू यायची. उजव्या बाजूला, कमरेखाली, बशीएवढा काळानिळा डाग असणार, आणि तो मावळायच्या आत त्यावर पुन्हा आपटणं होत असणार.

"काल खूप पडलीस म्हणे."

"हो."

"आणि तो काय म्हणतो?"

"दादा सॉरी म्हणतात. दर वेळी." मुलीनं हातमोज्याचं बोट ओढून पुन्हा बसवलं. "ताई, रागावू नका, पण मला वाटतं माझी चूक नाहीये. दादा मला सोडतच नाहीत."

ढमीनं गाठ मारली, नाडीची टोकं बुटाच्या आत खोचली आणि पोटरीवर चापट मारून मुलीला उठवलं.

"चल. बघू."

नवी हे काही तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या शहरातून ती आली त्या दिवशी कुणीतरी विचारलं, 'नवी कुठाय?' आणि तेच नाव पडलं. बर्फाच्या रिंकवर असंच चालायचं. ढमीलाही तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. लहानपणी स्केटिंग शिकवणाऱ्या बाईंनी तिला पहिल्यांदा एका लंबूटांग मुलासमोर उभं केलं आणि त्याला सांगितलं, उचल हिला. त्यानं उचललं, दोन पावलं टाकली आणि बर्फावर बसकण मारत म्हणाला, "काय ढमी आहे ही." ती तेव्हा काडीसारखी होती. पण सगळे हसले आणि नाव चिकटलं. तिनंही मग त्याला सोडलं नाही. इतका उंच आणि दोन पावलांत कोसळतो, म्हणून तो खांब झाला. पुढे त्यांचे फोटो छापून आले, जाहीर करणाऱ्यांनी त्यांची खरी नावं मोठ्यांदा पुकारली, तरी कठड्याच्या आत ती ढमी आणि तो खांबच राहिले.

ढमीचे वडील शिंपी. रिंकवरच्या कुठल्याशा कार्यक्रमाचे कपडे पोचवायला ते गेले तेव्हा घरी बघायला कुणी नाही म्हणून लहानग्या लेकीला बरोबर नेलं होतं. लेक बर्फ बघून जी हटून बसली ती उठेचना. शेवटी बाईंनीच तिच्या पायात कुणाचे तरी मोठे बूट चढवले. तिथून पुढे त्या घराचा दिवस उजाडायच्या आधी सुरू व्हायला लागला. बाबा तिला पोचवायचे, कठड्याशी उभे राहून हात चोळायचे आणि मग दुकान उघडायला जायचे. तिचा प्रत्येक पोशाख त्यांनी शिवला. खांबाचेसुद्धा. त्याचा उजवा खांदा डाव्याहून खाली आहे हे डॉक्टरांच्या आधी त्यांनी हेरलं होतं.

लोकांना वाटायचं, ह्या दोघांचं लग्न कधीतरी होणारच. लोक तसं विचारायचेही, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटायची. ढमीला त्याच्या शर्टाचा वास, त्याच्या श्वासाचा ठेका, सकाळी त्यानं अंडी खाल्लीत की नुसतंच पाणी प्यायलंय, सगळं ठाऊक होतं. एवढं ठाऊक असलेल्या माणसाशी लग्न करून आणखी काय मिळायचं, असं ती म्हणायची. मोठ्या स्पर्धेत बर्फावर उतरायच्या आधी, कठड्यापाशी उभं असताना, तो तिच्या कानात दर वेळी तेच कुजबुजायचा, "ढमे, आज जड लागतेयस." ती म्हणायची, "खांबाला कसलं आलंय जड." आणि मग दोघांची भीती थोडी ओसरायची.

सगळ्यात मोठ्या स्पर्धेत ती दोघं चौथी आली. बक्षिसं देत होते तेव्हा ती पडद्यामागे, पायातले बूट न काढता, एकाच ब्लँकेटमध्ये बसून टाळ्या ऐकत होती. बाई आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी." आणि पुढचं वर्ष खरंच त्यांचं होतं. जाणती माणसं तसं म्हणत होती.

त्या वर्षाच्या सुरुवातीलाच, एका साध्या सरावाच्या सकाळी ढमी पडली. बघायला कुणी नव्हतं. बाई होत्या कठड्यापाशी, आणि बर्फ सारखा करणारा चालक आपल्या गाडीवर चढत होता. गुडघ्यात जे जे तुटायचं ते तुटलं. दोनदा टाके पडले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. चालाल, म्हणाले. हळूहळू बर्फावर फिरालसुद्धा. पण वरून येऊन त्या पायावर उतरणं आता नाही.

बाईंचा फोन आला तेव्हा ढमी दुकानात काजं-बटणं करत बसली होती. बाई फोनवर ख्यालीखुशाली विचारत नसत.

"थोडे दिवस रिंकवर येऊन जा. त्याला फेकता येत नाहीये."

"मी काय करणार त्यात?"

"बघ तरी येऊन."

तर ती येऊन बघत होती.

फेक म्हणजे जोडीच्या खेळातली सगळ्यात उघडी गोष्ट. मुलगा आणि मुलगी एकत्र वेगानं मागे सरकत येतात, त्याचे दोन्ही हात तिच्या कमरेवर असतात. ती गुडघे वाकवते, तो तिला वर उचलून पुढे फेकतो, आणि मग ती एकटी असते. हवेत गिरक्या घेऊन, एका पायावर, एका पात्यावर, तिनं उतरायचं. फेकणाऱ्याचे दोन्ही हात एकाच क्षणी सुटायला हवेत. एक जरी मागे रेंगाळला तरी तिचा अख्खा तोल वरच तिरका होतो, आणि तिरकं वर गेलेलं माणूस सरळ खाली येत नाही.

खांब आणि नवी रिंकच्या लांबच्या कोपऱ्यातून निघाले. मुलगी चांगली होती. ढमीला पहिल्या वळणालाच ते कळलं, आणि ते तिला टोचलं. पाठ ताठ, मान सुटी, पायाखाली बर्फ आहे की नाही असा सरकण्याचा आवाज. दोघं वेगात आले, ती वाकली, त्यानं उचललं. ढमी त्याच्या हातांकडे बघत होती. डावा सुटला. उजवा सुटला, पण उशिरा. फार उशीर नव्हता, कठड्यावरून दुसऱ्या कुणाला दिसला नसता. मुलगी हवेत कलली, एक गिरकी कशीबशी झाली आणि ती बाजूवर आदळून बर्फावरून घसरत लांब गेली.

"सॉरी," खांब म्हणाला. "सॉरी. लागलं का? सॉरी."

नवी उठली. कपड्यांवरचा बर्फाचा चुरा झटकला. पुन्हा कोपऱ्याकडे निघाली.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यानं तिला फेकलंच नाही, बर्फावरच धरून ठेवलं, आणि दोघं नुसतीच गोल फिरून थांबली. ढमीच्या शेजारी बाई उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि चालकाला हात केला, की गाडी फिरव, बर्फ सारखा कर.

नवी कपडे बदलायच्या खोलीत गेली. खांब कठड्याचं दार ढकलून बाहेर आला, पात्यांवर रबरी म्यानं चढवली आणि ढमीच्या शेजारी बाकावर बसला. तो बसला की बाक नेहमी तिच्या बाजूला वर यायचा. आजही आला.

"पाय कसा आहे?"

"आहे."

"जिना चढतेस?"

"एकेक पायरी. म्हातारीसारखी."

तो हसला, पण ते हसू तोंडापर्यंतच आलं. समोर ती अवजड गाडी बर्फावरून सावकाश फिरत होती आणि तिच्यामागे ओली, चकचकीत पट्टी उमटत होती. तो त्या पट्टीकडे बघत राहिला. गुडघ्यांवर ठेवलेले त्याचे हात एकमेकांना चोळत होते. ढमीला ते हात पाठ होते. करंगळीजवळचा घट्टा, उजव्या अंगठ्याचं चपटं नख.

"ढमे, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी माझा हात मागे राहिला होता का?"

ढमीची नजर त्या अंगठ्यावर गेली.

राहिला होता. उजवा. तिच्या कमरेवर त्याचा अंगठा पापणी लवेपर्यंत तसाच होता. पडायच्या आधी, वर हवेतच तिला कळलं होतं की आता संपलं. का राहिला ते त्यालाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत कधी राहिला नव्हता. हॉस्पिटलात तो तिच्या खाटेशी उभा राहून सगळ्यांना सांगत होता, 'काय झालं कळलंच नाही', आणि ते खोटं नव्हतं. त्याला खरंच कळलं नव्हतं. सगळे म्हणाले, कुणाची चूक नाही, खेळात असं होतं. ढमीनंही मान हलवली होती.

पण तिला ठाऊक होतं. वर्षभर ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यात काही मोठेपणा नव्हता. व्यायामाच्या टेबलावर गुडघा वाकवताना जीव जायची वेळ यायची तेव्हा ती तो अंगठा आठवायची. त्याला नवी जोडीदारीण मिळाली असं ऐकलं त्या दिवशीही आठवला. माझं जे गेलं ते आपोआप गेलेलं नाही, कुणाच्या तरी हातून गेलंय, आणि कुणाच्या ते फक्त मला माहीत आहे. एवढं एक तिच्याजवळ उरलं होतं. एक दिवस तो विचारेल आणि मग आपण सांगू, असं तिनं मनात कितीदा तरी रंगवलं होतं. शब्दसुद्धा ठरलेले होते.

आणि आता तो विचारत होता, आणि त्याचा उजवा अंगठा त्याच्याच गुडघ्यावर दाबलेला होता.

खरं सांगितलं तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसलं. जो हात भीतीनं उशिरा सुटतोय तो उद्यापासून सुटणारच नाही. आणि ती मुलगी उठून, चुरा झटकून पुन्हा कोपऱ्याकडे जात राहील. तिचाही एक गुडघा होता.

"नाही," ढमी म्हणाली. "मी आधी निघाले."

"म्हणजे?"

"म्हणजे तू फेकायच्या आधीच मी उडी घेतली. घाई केली. तुझे हात जिथे असायला हवे होते तिथेच होते."

तो तिच्याकडे वळला. गाडी त्यांच्यासमोरून गेली, ओल्या थंडीची एक झुळूक अंगावर आली, गाडी पुढच्या वळणाला लागली, तरी तो बघतच होता.

"नक्की?"

"मला कळणार नाही तर कुणाला?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"लाज वाटली."

खांब उठला. म्यानं चढवलेल्या बुटांवर टकटक करत भिंतीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. ढमीला वाटलं, उठून त्याच्या पाठीवर हात ठेवावा, पण गुडघा बसून बसून आखडला होता. ती उठेपर्यंत तोच परत आला. डोळे लाल होते आणि आवाज बारीक.

"वर्षभर मी धड झोपलेलो नाहीये, ढमे."

"हो."

"हो काय? वर्षभर. मी आईशीसुद्धा बोलायचो नाही. मला वाटायचं मी तुला..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "एक शब्द बोलायचास. एक."

ढमीनं त्याच्याकडे पाहिलं. तो रागावला होता. खरोखर रागावला होता, आणि तो राग त्याला शोभत होता. वर्षभराचं वाकलेपण निघून जाऊन तो पुन्हा आपल्या उंचीचा दिसत होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, माफ केल्यासारखी. मग म्यानं काढली, बाकावर तिच्याजवळ टाकली आणि नव्या बर्फावर उतरला.

नवी खोलीतून आली तेव्हा तो मधोमध एकटाच मोठमोठी वर्तुळं घेत होता. मुलीनं ढमीकडे पाहिलं. ढमीनं हातानंच खूण केली, जा. पहिल्या फेरीत त्यांनी नुसता वेग घेतला. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यातून निघाले, आणि ह्या वेळी ढमीनं हातांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिचे डोळे तिथेच गेले. दोन्ही हात एकदम उघडले. पक्षी सोडावा तसे. मुलगी इतकी उंच गेली की तिलाच त्याचा अंदाज नव्हता. गिरक्या पुऱ्या झाल्यावरही ती हवेतच होती. उतरली ती डगमगत, एक हात बर्फाला जवळजवळ टेकवत, पण उतरली, आणि मागे मागे सरकत गेली.

खांब मोठ्यांदा हसला. ते हसू ढमीनं फार दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यानं आधी बाईंकडे पाहिलं, मग वळून नवीकडे गेला, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते कठड्यापर्यंत ऐकू आलं नाही. मुलगी मात्र खळखळून हसली, आणि ढमीला वाटलं, तिला बहुधा आज एखादं टोपणनाव मिळालं असावं.

बाई केव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. दोघी बर्फाकडे बघत राहिल्या.

"काय सांगितलंस त्याला?"

ढमीनं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी त्या दिवशी इथेच उभी होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मला अजून चांगलं दिसतं."

समोर दोघं पुन्हा कोपऱ्याकडे निघाली होती. बाईंनी तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवली, ती वाकून उभी राहिली की लहानपणी टेकवायच्या तिथेच. या वेळी मात्र बोटं लगेच उचलली नाहीत.

"उद्यापासून नाही आलीस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "घरी जा. पाय वर घेऊन बस."

पुढच्या आठवड्यात खांब दुकानात आला. दारातून आत येताना तो पहिल्यापासून वाकायचा, तसाच वाकला. ढमी पडद्याआड इस्त्री करत होती. आवाजावरून तिनं ओळखलं आणि ती होती तिथेच थांबली.

बाबा वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. हॉस्पिटलात तो खाली मान घालून उभा होता तेवढ्यावरून त्यांनी ताडलं होतं. ज्याचं काही चुकलेलं नसतं तो असा उभा राहत नाही, असं ते एकदाच घरी म्हणाले होते. पुन्हा विषय काढला नाही. पण टीव्हीवर स्केटिंग लागलं की उठून जायचे, आणि रिंकवरचं कुठलंही काम आलं तरी वेळ नाही म्हणून परत पाठवायचे. ढमीनं त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. तरी संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून काम करत असली की तिला वाटायचं, आपल्या बाजूनं कुणीतरी रागावलेलं आहे. बरं वाटायचं.

"काका, येऊ का?"

मशीन चालूच राहिलं. "आलाच आहेस."

"मला बोलायचंय तुमच्याशी."

"बोल."

"ढमीनं मला सांगितलं. त्या दिवसाचं." खांबाच्या आवाजात घाई होती, पाठ करून आल्यासारखी. "ती आधी निघाली होती, काका. माझे हात बरोबर होते. मला तिला दोष द्यायचा नाहीये. तीही बिचारी वर्षभर मनात कुढत बसली. पण तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता ना, ते मला फार लागलं होतं. तुमच्या घरी जेवून मोठा झालोय मी."

मशीन थांबलं. ढमीनं इस्त्री कापडावरून उचलून धरली.

"ती म्हणाली असं? स्वतःच्या तोंडानं?"

"हो."

"अगं, जरा इकडे ये."

इस्त्री उभी करून ती पडदा सारून बाहेर आली. खांब तिच्याकडे बघून ओशाळा हसला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला होता.

"हा म्हणतोय ते खरं आहे?"

आता नुसतं नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं. खांब उभा होता तो मोकळ्या खांद्यांनी. त्याच्या हाताला नुकताच लागलेला बर्फाचा ओरखडा होता, सरावातून तो थेट इकडे आला असणार.

"खरं आहे, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मशीनच्या चाकावरचा हात काढला. मग त्यांनी समोरच्या स्टुलावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले.

"बस रे. मी चुकीचं वागलो तुझ्याशी."

"नाही हो, काका."

"वागलो. बस. ती चहा टाकते."

ढमीनं आत जाऊन चहा टाकला. पडद्यापलीकडून आवाज येत होते. आधी अडखळत, मग सरळ. खांब नवीबद्दल सांगत होता, कशी उंच जाते, कशी पडली तरी बोलत नाही. मग त्यानं बाईंची नक्कल केली असावी, कारण बाबा हसले. चहा उतू जायला आला तेव्हा तिनं गॅस बंद केला, आणि कप भरायच्या आधी ओट्याला धरून नुसतीच उभी राहिली.

तो गेल्यावर बाबांनी दिवा पुढे ओढला, पण कामाला हात घातला नाही.

"मला तरी सांगायचंस."

"कसं सांगणार होते?"

"बाप आहे मी तुझा. ओरडलो असतो का?"

"नाही."

"वर्षभर मी त्या पोराला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आणि तू समोर बसून काजं करत होतीस."

ढमीचं एक वाक्य पुरलं असतं. दुकानात कुणी नव्हतं, शटर अर्धं खाली आलं होतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर काही लपत नसे. गिऱ्हाईक दारात आलं की कपडा तयार आहे की नाही ते त्याला न विचारता कळायचं. खांब पुन्हा येणार, दारात वाकणार, ह्या चेहऱ्याकडे बघणार, आणि पुन्हा कोपऱ्यातून निघताना ते त्याच्या हातात उतरणार. तिनं मशीनखाली पडलेली दोऱ्याची रिळं वेचायला घेतली.

"त्यांचे कपडे कोण शिवतंय?" बाबांनी विचारलं.

"बाई कुठून तरी मागवणार आहेत."

"मागवलेले त्याला खांद्यात ओढतील. तो उजवा खांदा दुसऱ्या कुणाला कळायचा नाही." ते उठले. फळीवरून निळ्या लवचीक कापडाचा तागा काढला, टेबलावर उलगडला आणि तळव्यानं सारखा केला. वर्षभरात त्यांनी तो तागा खाली काढला नव्हता. "त्याचे शिवायचे तर तिचेही शिवायला हवेत. दोन माणसांच्या हातचं काम वेगवेगळं दिसतं. कशी आहे गं पोर अंगानं?"

"चांगली आहे."

"मापं सांग म्हणतोय. तुला नजरेनं कळतं."

ढमी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. कापडाची आपल्याकडची कड तिनं धरली आणि सुरकुती जाईपर्यंत ओढली.

"माझीच धरा," ती म्हणाली. "उंचीत बोटभर वाढवा."

बाबांनी खडू घेतला. उंचीची खूण केली, छातीची केली, आणि मान वर न करता थांबले.

"आणि कमरेत?"

"कमरेत माझ्याएवढीच आहे."